टेमघरची फुंकणी

टेमघर, भिवंडी
१४ जून १९८६

चि. माजिदास काळूकाकाचा आशीर्वाद.

तू एम.डी. झालीस हे कळलं आणि लूमवरच्या दोन्ही शिफ्टना पेढे वाटले. धामणकर नाक्यावरचे, खव्याचे. तुझा बाप इक्बाल आज असता तर त्यानं अख्खी गल्ली जेवायला घातली असती आणि खर्च माझ्या नावावर टाकला असता. पार्टनर कशाला म्हणतात मग!

पण पोरी, पुढचं वाचून मी खाटेवर बसलो. तू फक्त पोरांचं बघणार, ते समजलं. पण पोरांचंही अख्खं न्हाय, नुसती फुफ्फुसं? अगं, डॉक्टर कसा पायजे? दारात पेशंट आला की दात, गुडघा, मूळव्याध, जे असेल ते बघणारा. परवा आपला लूममालक मंडळाचा अध्यक्ष महमूदशेठ गुडघा धरून आला. बोलला, "इक्बालच्या मुलीला दाखवायचाय." मी बोललो, "शेठ, तुम्ही पोर न्हाय आणि गुडघ्यात फुफ्फुस न्हाय." तेव्हापासून माझ्याशी बोलत न्हाय. आमची आक्का, एवढी म्हातारी झाली तरी मला अजून धाकटा भाऊ म्हणून दमात घेते, ती विचारते, एवढं शिकून पोरीच्या वाट्याला माणसाचा एवढासाच तुकडा का आला?

घरी सगळं ठीक. माझी नात कमळी चार वर्षांची झाली. गोड हाय, पण जरा सर्दीची. पावसाळा लागला की छातीत मांजर बसल्यासारखी घुरघुरते. आक्का ओव्याची धुरी देते. काळजीचं कारण न्हाय, सहज लिहिलं.

सईदावहिनींना माझा नमस्कार सांग. मुंबईच्या पाण्यानं त्यांचं कसं काय चाललंय?

तुझा
काळूकाका

*

मुंबई
२९ जून १९८६

काळूकाकांना माजिदाचा सलाम.

पेढ्यांबद्दल शुक्रिया. महमूदशेठना म्हणावं, गुडघ्यासाठी इथं एक चांगले डॉक्टर आहेत, पत्ता खाली देते. माझ्यामुळं तुमची बोलचाल बंद नको.

तुम्ही विचारता, फुफ्फुसंच का. काका, अब्बांचा खोकला तुम्ही माझ्याइतकाच ऐकलाय. सकाळी गल्लीच्या तोंडाशी तो ऐकू आला की कारागीर म्हणायचे, "इक्बालभाई आले, लूम चालू करा." आम्ही त्याला घड्याळ समजत होतो. तो आजार आहे असं अम्मीला वाटलं नाही, मला नाही, तुम्हालाही नाही. मोठ्या माणसाचं फुफ्फुस एकदा गेलं की फारसं हाती लागत नाही. पोरांचं अजून वाढत असतं, त्याला हात देता येतो. म्हणून पोरं आणि म्हणून फुफ्फुसं.

आता कमळाचं. काका, छातीत मांजर बसत नाही. हा दमा असू शकतो, आणि दम्याला आज चांगली औषधं आहेत. आक्काआत्यांची धुरी आधी बंद करा. ज्या पोरीला श्वास पुरत नाही तिच्या नाकाखाली धूर! कमळाला इकडं घेऊन या. आमचा वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट कधी चालत नाही, तेवढं सांभाळून घ्या.

तुमची
माजिदा

*

टेमघर
२० जुलै १९८६

चि. माजिदास आशीर्वाद.

कमळी ठणठणीत हाय. तिकडं आणायची काहीएक गरज न्हाय.

तुझं धुरीचं वाक्य आक्काला वाचून दाखवलं. ती बोलली, "माझ्या हातांखालून घरातली सगळी पोरं मोठी झाली. तिच्या हातांखालून किती गेली, विचार." धुरी चालू हाय.

आणि पोरी, दमा हा शब्द पत्रात लिहीत जाऊ नको. पोस्टमन वाचत न्हाय, पण सून वाचते, सून तिच्या आईला सांगते, आणि तिच्या आईला सांगितलं म्हणजे कल्याणच्या चौकात दवंडी दिली. मुलीची जात हाय. उद्या स्थळं यायला लागली की कुणीतरी म्हणणार, "तीच ना ती, दमेकरी?" ती चार वर्षांची हाय हे मला ठाऊक हाय. आमच्या लोकांची आठवण किती पक्की असते ते तुला ठाऊक न्हाय.

महमूदशेठ गुडघ्याचा पत्ता घेऊन गेला. आता माझ्याशी बोलतो. फार बोलतो.

काळूकाका

*

मँचेस्टर
१७ नोव्हेंबर १९८८

काळूकाकांना सलाम.

इथं येऊन दोन महिने झाले. थंडी सांगत नाही, अम्मीला कळेल आणि ती स्वेटरांचं पार्सल पाठवेल.

काका, हे गाव म्हणजे पूर्वीची भिवंडीच. जिकडं बघावं तिकडं कापूसगिरण्या, आता सगळ्या बंद. एका गिरणीत जुने माग मांडून ठेवलेत आणि लोकांना दाखवायला दुपारी थोडा वेळ चालू करतात. बघे लोक कानांत बोटं घालून उभे होते आणि मी एकटीच हसत होते. शेजारच्या बाईनं विचारलं, तुम्हाला त्रास होत नाही? म्हटलं, बाई, मी याच आवाजात दहावीचा अभ्यास केलाय.

इथल्या डॉक्टरांनी गिरणीतल्या माणसांची फुफ्फुसं पुष्कळ तपासली. पण घरं गिरणीपासून लांब, म्हणून पोरांची तपासणी फारशी सापडत नाही. आपल्याकडं तर खाली लूम आणि वर घर. पोर पाळण्यात असल्यापासून तीच धूळ खातं. एक साधं यंत्र आहे. नळी तोंडात धरायची, छातीभर श्वास घ्यायचा आणि एकदाच जोरात फुंकायचं. काटा सरकतो. छाती मोकळी असेल तर काटा वर जातो, आवळलेली असेल तर खालीच राहतो. परत आले की टेमघरच्या पोरांना फुंकायला लावायचं आहे. तुमच्याशिवाय ते होणार नाही.

कमळा आता सहा वर्षांची झाली असेल. शाळेत जाते का? तिच्याबद्दल तुम्ही हल्ली काहीच लिहीत नाही.

माजिदा

*

टेमघर
८ जानेवारी १९९०

चि. माजिदास आशीर्वाद.

तू विलायतेहून परत आलीस, बरं झालं. तुझ्या कामाची सगळी व्यवस्था मी माझ्या अंगावर घेतली हाय. मंडळाचं ऑफिस दोन रविवार आपल्याला मिळालं. तुझ्या यंत्राला गल्लीत सगळे फुंकणी म्हणायला लागलेत. आक्का बोलली, चूल फुंकायची फुंकणी घरात असताना विलायतेहून कशाला आणली?

महमूदशेठ जरा घाबरला होता. बोलला, "काळू, काटा खाली गेला तर लोक लूमच्या नावानं बोंबलतील." मी बोललो, "शेठ, पोरं आपली हायत, काटा खाली कशाला जाईल?" आयांचीही तीच भीती. त्यांना वाटतं ही परीक्षा हाय आणि पोर नापास झालं तर नाव लागेल. मी सगळ्यांना सांगितलं, काळूराम भोईर मधे हाय, कुणाचं पोर नापास होणार न्हाय.

हजेरीची चिंता तू करू नको. इतकी वर्षं कारखाना चालवतोय, माझी लूम माणसाविना कधी बंद राहिली न्हाय. तुझ्या यादीतली एकही जागा रिकामी राहणार न्हाय, शब्द देतो.

यादीत पहिलं नाव कमळीचं टाकलंय. मीच माझी नात पाठवली न्हाय तर दुसरे का पाठवतील? ती सध्या अंजूरला, माझा पुतण्या बाळाराम याच्याकडं हाय. हवापालट. म्हणजे सहजच, काही झालं म्हणून न्हाय.

काळूकाका

*

मुंबई
२ एप्रिल १९९०

काळूकाकांना सलाम.

दोन्ही रविवार सोन्यासारखे गेले. एकही पोर गैरहजर नाही! आमच्या सरांचा विश्वासच बसेना. इथं फुकट औषध वाटलं तरी निम्मे लोक येत नाहीत, आणि टेमघरची पोरं तेल लावून, भांग पाडून रांगेत उभी.

पण मी चक्रावून गेले आहे. पोरं एकजात ठणठणीत निघाली. सगळ्यांत जोरात कुणी फुंकलं माहीत आहे? तुमच्या कमळानं! काटा वरच्या टोकाला जाऊन आपटला. मी तिला पाहिलं होतं ती दोन वर्षांची असताना, किती किरकोळ जीव होता. आता काय खांदे, काय दंड! हातांवर चिंबोऱ्या चावल्याच्या खुणा. मी विचारलं, "कमळा, पोहतेस का गं?" तर म्हणाली, "आख्खी खाडी!" तुमची सर्दीची पोर ती हीच यावर माझा विश्वास बसेना. अंजूरच्या हवेची बाटली भरून मला पाठवा.

मला वाटत होतं त्याच्या अगदी उलट निघालं. सर म्हणाले, होतं असं कधीकधी, माणूस चुकतो. जूनमध्ये दिल्लीला परिषद आहे, तिथं मला हे मांडायचं आहे. जे निघालं ते सांगायचं, आपल्याला आवडो न आवडो. चार वर्षं ज्याच्यामागं धावले ते खोटं निघालं म्हणून मनातून खट्टू झाले आहे, पण पोरं बरी आहेत याच्यापेक्षा चांगली बातमी कोणती?

माजिदा

*

टेमघर
२० एप्रिल १९९०

चि. माजिदास अनेक आशीर्वाद.

खट्टू कशाला होतेस? इथं तुझ्या नावाचा डंका वाजतोय! महमूदशेठला मी तुझं पत्र वाचून दाखवलं. तो खुर्चीवरून उठला, गुडघा विसरून. मंडळानं ठराव केलाय की ६ मेच्या रविवारी टेमघरला मांडव घालून तुझा सत्कार करायचा. शाल, श्रीफळ, फेटा. बॅनर रंगवायला दिलाय: "लूमची धूळ निर्दोष! डॉ. माजिदा यांचे हार्दिक अभिनंदन." निर्दोष हा शब्द माझा.

कमळीचं तू कौतुक केलंस, वाचून बरं वाटलं. हवेचा गुण, दुसरं काय.

आणि तुझ्या सरांना हजेरीचं नवल वाटलं ना? त्यांना सांग, भिवंडीत या, शिकवतो. अगं, त्यात काय मोठं! कारागीर आजारी पडला की आपण लूम बंद ठेवतो का? बदली पाठवतो. त्याच्या जागी दुसरा माणूस, त्याच्याच नावावर, काम चालू. तसंच केलं. त्या रविवारी काही पोरं खोकून बेजार झाली होती, कुणी धापा टाकत अंथरुणात होती. त्यांच्या आया बोलल्या, "आमचं राहू द्या." मी बोललो, पोर झोपू दे बिचारं, पण जागा रिकामी न्हाय राहायची, बदली द्या. त्याच वयाची, त्याच उंचीची पोरं शोधली, काही तर अंजूरवरून रिक्षा करून आणली. दारात उभा राहून एकेकाला नाव पाठ करून घेतलं. तुला कळलं तरी का? न्हाय! असं चोख काम हाय आपलं.

काळूकाका

*

तार
मुंबई, २५ एप्रिल १९९०

काळूराम भोईर, टेमघर, भिवंडी.
कोणाची बदली पाठवली. ताबडतोब कळवा. सत्कार थांबवा. माजिदा.

*

टेमघर
२७ एप्रिल १९९०

चि. माजिदास आशीर्वाद.

तार पाठवत जाऊ नको गं बाई. तारवाला दारात दिसला आणि आक्कानं आधी रडून घेतलं, मग बोलली, "उघड, बघू कोण गेलं." कुणी गेलं न्हाय म्हटल्यावर जरा नाराजच झाली. तोवर शेजारणी गोळा झाल्या होत्या, त्यांना चहा करावा लागला.

तुझा राग मला समजत न्हाय. आजारी पोराला अंथरुणातून ओढून फुंकायला लावायचं होतं का? तू डॉक्टर हायस की हवालदार? आजारी माणूस ड्युटीवर येत न्हाय, बदली येतो, जगाची रीत हाय. तू पोरं मागितलीस, मी पोरं दिली. तू फुंकायला सांगितलंस, त्यांनी फुंकलं. कुणी कमी फुंकलं का?

सत्कार थांबवता येणार न्हाय. बॅनरचा रंग वाळला.

काळूकाका

*

मुंबई
३० एप्रिल १९९०

काळूकाकांना सलाम.

तुमचं पत्र वाचून मी आधी खूप हसले. इतकी हसले की अम्मी स्वयंपाकघरातून धावत आली. मग तिला सांगता सांगता मला रडू आलं.

काका, मी ज्यांच्यासाठी फुंकणी घेऊन आले होते, त्यांनाच तुम्ही घरी ठेवलंत आणि माझ्यापुढं अंजूरचे पैलवान उभे केलेत! विंचू चावला एकाला आणि मंत्र टाकला शेजाऱ्यावर, असं झालं हे. जे पोर त्या रविवारी धापा टाकत होतं तेच मला हवं होतं. त्याचा काटा किती खाली जातो तेच बघायला मी सातासमुद्रापार जाऊन शिकून आले. ही परीक्षा नव्हती काका. इथं नापास कुणीच होत नाही. ज्याचा काटा खाली जातो त्याला औषध मिळतं, एवढंच.

आणि मी दिल्लीला जाऊन काय सांगणार होते? की टेमघरच्या पोरांना धुळीनं काही होत नाही. उद्या कुणी आई पोर घेऊन डॉक्टरकडं गेली असती, तर त्यानं माझाच कागद दाखवून तिला परत पाठवलं असतं.

ज्यांच्या बदल्या पाठवल्या त्या सगळ्यांची नावं मला कळवा. सगळ्यांची.

माजिदा

*

टेमघर
२ मे १९९०

चि. माजिदास.

नावं लिहितो. महमूदशेठचा नातू. गोदूबाईच्या दोघी. गल्लीच्या टोकाची रशिदा. सावळारामचा धाकटा.

बस, एवढीच. आणखी कुणी असेल तर आठवत न्हाय. वय झालं.

मांडवाचे बांबू आले हायत. तू रविवारी ये, जे बोलायचं ते बोल.

काळूकाका

*

मुंबई
४ मे १९९०

काळूकाकांना सलाम.

नावं मिळाली. जे आठवत नाही ते आठवायची मी सक्ती करत नाही. पण मला आज एक गोष्ट आठवली. त्या रविवारी मी "कमळा!" म्हणून हाक मारली, तर ती दांडगी पोर जागची हलली नाही. मागं वळून दाराकडं बघत राहिली, दुसरं कुणी येतंय का म्हणून. मग तुम्ही तिला पाठीला हात लावून पुढं केलंत. मला वाटलं, लाजतेय.

रविवारी मला येता येणार नाही. वॉर्डात एक आठ वर्षांचं पोर आहे, त्याला श्वास पुरत नाही, आणि त्याच्या आईला मी जवळ राहीन असं सांगितलंय. तेव्हा माझ्या जागी तुम्ही उभे राहा. होय काका, बदली. तुमचीच रीत. सोबत भाषण लिहून दिलंय, अगदी छोटं आहे. मी तुमच्यावर रागावले आहे, पण माझ्या तोंडचं बोलायला मला तुमच्याखेरीज दुसरं माणूस नाही.

तुमचा कापडाचा टेम्पो इथं आलाय, त्याच्याच हाती हे पत्र आणि फुंकणी पाठवते.

माजिदा

*

टेमघर
७ मे १९९०

चि. माजिदास काळूकाकाचा आशीर्वाद.

काल काय झालं ते सांगतो. दुसऱ्या कुणी सांगायच्या आधी माझ्याकडून ऐक.

मांडव गच्च भरला होता. तुझ्या खुर्चीवर मी. महमूदशेठनं फेटा माझ्याच डोक्याला बांधला, तो सैल बांधला म्हणून माझ्या डोळ्यांवर येत होता. शाल घातली, नारळ दिला, लोक बोलले, भाषण, भाषण. मी तुझा कागद काढला. "ही तपासणी चुकली आहे." टाळ्या पडल्या, कारण ऐकलं कुणीच नव्हतं. मी फेटा वर सारला आणि पुढचं वाचलं. "आजारी पोरं आलीच नव्हती, त्यांच्या बदल्या आल्या होत्या. तपासणी पुन्हा करायची आहे. ज्यांची पोरं खोकतात त्यांनी आपापली पोरं आणावीत." महमूदशेठ माझ्या कानात बोलला, "काळू, गर्मीनं डोकं फिरलं काय?" मागून कुणी ओरडलं, "लूम बंद पाडायला निघालात काय?" मी घाईघाईनं बोललो, "हे माझं न्हाय, डॉक्टरीणबाईंचं हाय, मी नुसता बदली हाय!"

तेव्हा गोदूबाई उभी राहिली. तिच्या दोन्ही पोरींच्या बदल्या मीच ठरवल्या होत्या. ती बोलली, "काळूशेठ, आमच्या पोरी आणतो की. पण आधी सांगा, तुमची कमळी कुठं हाय?"

माजिदा, मांडवात सगळ्यांना ठाऊक होतं. तुझ्यासमोर फुंकली ती बाळारामची लेक बायजा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मलाच वाटत होतं की माझी झाकली मूठ हाय.

मी उठलो आणि घरी गेलो. लोकांना वाटलं पळाला. कमळी वर खिडकीत उशीला टेकून बसली होती, मांडवातली बत्ती बघत. शनिवारपासून तिला आडवं होता येत नव्हतं. आक्का धुरीचं मडकं घेऊन समोर. मी कमळीला उचललं. वजन लागलं न्हाय हाताला. आक्का बोलली, "अरे, चारचौघांत नेतोस? पोरीचं लग्न कसं होईल?" मी बोललो, "आक्का, लग्नापर्यंत तर जाऊ दे तिला." माझ्या आयुष्यात आक्काला मी उलट बोललो ते हे पहिल्यांदा. ती मडकं खाली ठेवून माझ्या मागं आली.

मांडवात खुर्चीवर बसवून फुंकणी तिच्या हातात दिली. तिनं फुंकलं. काटा हलल्यासारखा झाला आणि थांबला. मला वाटलं यंत्र बिघडलं. मी झटकलं, पुन्हा दिलं. पुन्हा तेच. मी मोठ्यानं बोललो, "काटा अडकलाय." तर पोर काय बोलली? "आजोबा, काटा न्हाय अडकला. मी अडकते."

मी भर मांडवात रडलो. डोक्याला फेटा, हातात नारळ, आणि रडतोय. तुझा बाप गेला तेव्हा इतका रडलो नव्हतो. चार वर्षं मी तिची घुरघुर ऐकली, आणि खाली लूम चालू हाय म्हणून नीट ऐकू येत न्हाय असं स्वतःला सांगत राहिलो. ज्या धुळीवर घर चालतं तिनंच पोरीचा गळा धरला असेल, हे मला मान्य करायचं नव्हतं. म्हणून तू जवळ आलीस की मी तिला अंजूरला लपवायचो. इक्बालच्या खोकल्याला घड्याळ म्हटलं, हिच्या छातीला मांजर म्हटलं. गाढव मी.

मग महमूदशेठ उठला, मांडवाबाहेर गेला आणि नातवाला बखोटीला धरून घेऊन आला. माइकवर बोलला, "याचीबी बदलीच आली होती." मग गोदूबाईच्या दोघी, मग रशिदा. अशी रांग लागली की सत्काराचा चहा गार झाला. फुंकणी कशी वापरायची ते मांडवात आलेल्या बायजाला ठाऊक, तिनं एकेकाला शिकवलं, आणि काटा कुठं थांबला ते माझ्या मुलानं लिहून ठेवलंय. तू आल्यावर सगळं पुन्हा तपास, आमच्यावर विश्वास ठेवू नको.

शाल मी कमळीच्या अंगावर टाकली. ती बोलली, टोचते. शिवाय दोन वेळा शिंकली. शाल परत केली.

बॅनरवरचा निर्दोष हा शब्द मी चुन्यानं पुसला. नुसती "लूमची धूळ" राहिली आणि खाली तुझं अभिनंदन. दिसायला विचित्र दिसतं, पण कापड चांगलं हाय, ठेवून दिलंय.

हे पत्र टेम्पोवाल्याच्या हाती पुढं पाठवतो. त्याच्यामागून उद्या सकाळी मी कमळीला घेऊन येतो. लिफ्ट चालत न्हाय ते ध्यानात हाय, पाठुंगळी आणीन. तुझी पुन्हा फसगत नको म्हणून खूण सांगून ठेवतो. खांदे न्हाईत. दंड न्हाईत. हातावर चिंबोऱ्यांच्या खुणा न्हाईत. बोलताना मधेच थांबते. हाक मारलीस की लगेच तुझ्याकडं बघेल. तीच आमची कमळी. तिला बरी कर गं पोरी.

तुझा
काळूकाका

*

अंजूर
१८ ऑगस्ट १९९६

प्रिय माजिदाआत्यास कमळाचा नमस्कार.

तुमचं पत्र आलं. यंदा दिल्लीच्या परिषदेत तुमच्या टेमघरच्या पोरांबद्दल ऐकून सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते हे आजोबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "आमच्याकडं पहिल्या ओळीलाच वाजल्या होत्या."

इथं सगळं ठीक. घर अंजूरला आणि लूम टेमघरला असं वेगळं केल्यापासून आईला घरात खूप शांत वाटतं, म्हणून तिला झोप लागत नाही. आक्काआजी अजून मडकं जपून ठेवते, पण आता त्यात तुळस लावली आहे. तुम्ही न आलेल्या रविवारी फुंकणी घेऊन मी बसते. बायजाताई रांग लावते, कुणी बदली आणली तर तिला पहिल्या फटक्यात कळतं. माझा दम्याचा पंप मी रोज वेळेवर घेते. बायजाताईनं मला पोहायला शिकवलं. आख्खी खाडी नाही जमत, पण धक्क्यापर्यंत जाऊन येते.

आता मुद्द्याचं. आजोबांचा खोकला वाढला म्हणून तुम्ही त्यांना छातीचा फोटो काढायला पाठवलंत, आणि तुम्ही लिहिलंत की त्यांची छाती विशीतल्या पोरासारखी आहे, फक्त एक बरगडी जुनी मोडलेली दिसते. आत्या, आजोबांची बरगडी कधीच मोडली नव्हती. बैलगाडीतून पडला होता तो बाळारामकाकांचा सुरेश. मी विचारलं तर आजोबा म्हणतात, "मला त्या दिवशी खोकला होता, मग मी कसा जाणार?"

तर येत्या मंगळवारी त्यांना मी स्वतः घेऊन येते. तुम्ही वरून जिन्यात बघत राहा. मधे मधे थांबून कठड्याला धरून उभे राहतील ते आजोबा. मी थांबत नाही, मला तिन्ही मजले एका दमात जमतात. पण हळूच येईन, कारण त्यांचा हात मला सोडता येणार नाही. सोडला तर दुसऱ्याच कुणाला तरी वर पाठवतील.

तुमची
कमळा